यंत्राला कंटाळा यायला हवा

कडीकोयंडा

गेल्या महिन्यात भाची पंधरा दिवस राहायला होती. वय सव्वा वर्ष. पहिले दोन दिवस तिला खालच्या कप्प्यातली डब्यांची झाकणं पुरली. तिसऱ्या दिवशी झाकणांकडे ढुंकून बघेना. मग लागली दाराच्या कडीमागे. कडी वर करायची, सोडायची, 'टण्' ऐकायचं, माझ्याकडे बघायचं. चार दिवस हेच. मग कडीही सुटली. बहिणीनं आणलेली दिवे लागणारी, गाणी म्हणणारी महागाची गाडी मात्र पहिल्या दहा मिनिटांतच अडगळीत गेली होती.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. रोबॉट ही नुसती हौस. पण तिला बघताना एक जुना प्रयोग आठवला. पॅरिसमधल्या सोनीच्या प्रयोगशाळेत पिएर-इव्ह उदेयेर, फ्रेदेरिक काप्लान आणि वेरेना हाफ्नर या तिघांनी केलेला. त्यावरचा त्यांचा निबंध २००७ सालचा. आयबो हा सोनीचा यांत्रिक कुत्रा काहींना आठवत असेल. त्याला त्यांनी तान्ह्या बाळाच्या दुपट्यावर ठेवावं तसं ठेवलं. आजूबाजूला एक चावता येईल असं खेळणं आणि एक पंजा मारला की झुलणारं, टांगलेलं. कुत्र्याला येत काय होतं? मान वळवणं, पंजा मारणं, चावणं. कुठली वस्तू चावायची आणि कुठलीला पंजा मारायचा हे कुणी सांगितलेलं नाही. बरोबर केल्याबद्दल बक्षीस नाही, चुकल्याबद्दल शिक्षा नाही.

सुरुवातीला तो कसाही हातपाय झाडायचा. मग एकेका कृतीच्या मागे लागला, पण हवेतच: नुसतं चावणं, नुसता पंजा. नंतर त्याच गोष्टी वस्तूंच्या दिशेनं करू लागला, पण उलटसुलट. शेवटी चावण्याजोगं चावू लागला आणि झुलणारं झुलवू लागला. याच मालिकेतल्या दुसऱ्या एका मांडणीत समोर आणखी एक आयबो बसवला होता, आवाजाला आवाज देणारा. तर हा पठ्ठ्या काही काळानं त्याच्याकडे तोंड करून आवाज काढायला लागला. हे टप्पे कुणी लिहून दिलेले नव्हते.

मग दिलेलं काय होतं? माझ्या समजुतीप्रमाणे एकच गोष्ट, आणि ती म्हणजे कंटाळा. यंत्र प्रत्येक कृतीआधी अंदाज बांधतं की आता काय होईल. अंदाज चुकतो, चूक मोजली जाते. इथपर्यंत नवल नाही. नवल असं की ते चूक किती मोठी यापेक्षा *चूक किती वेगानं कमी होते आहे* हे बघतं. जिथे शिकणं वेगानं चाललंय तिथे रमायचं. सगळं जमलं की वेग शून्य, म्हणजे कंटाळा. काहीच जमत नसलं तरी वेग शून्य, म्हणजे पुन्हा कंटाळा. झाकणं पहिल्या प्रकारात गेली. गाडी बहुधा दुसऱ्या प्रकारात: कुठलंही बटण दाबा, कुठलंही गाणं लागतं.

ही कल्पना काही हवेतून पडलेली नाही. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगनं १९५० सालीच विचारलं होतं, की थेट प्रौढ माणसाचं मन यंत्रात उतरवण्यापेक्षा मुलाचं मन उतरवून त्याला शिकवलं तर? त्यात एक मजेशीर भाग आहे. या यंत्राला पाय नसतील, त्यामुळे त्याला बाहेर जाऊन कोळशाची बादली भरून आणायला सांगता येणार नाही, आणि शाळेत घातलं तर बाकीची पोरं त्याची फार टिंगल करतील, अशी चिंता ट्युरिंग करतो. म्हणजे शिकायला शरीर लागतं का, या प्रश्नाला त्यानं तिथेच हात घातला आणि 'त्यावाचूनही निभेल' म्हणून बाजूला ठेवला.

तर माझा प्रश्न असा. बुद्धिबळ जिंकणं, निबंध लिहिणं वगैरे राहू द्या. जे यंत्र स्वतःहून म्हणतं 'हे पुरे, आता ते बघू', त्याला आपण बुद्धिमान म्हणायला सुरुवात करावी का?

रिकामटेकडी

कंटाळा हे बुद्धीचं लक्षण असेल तर आमच्या ऑफिसात दुपारी तीन वाजता नोबेलवाल्यांची सभा भरते.

(लेख आवडला. आयबो फार गोड होता.)

चाकणवाला

वीस वर्षं वेल्डिंग रोबॉट बघतोय, त्यामुळे दोन आणे माझे.

आमच्या लाईनवरच्या रोबॉटला उत्सुकता आली तर त्या दिवशी प्रॉडक्शन शून्य. मी त्याला टीच पेंडंट (रोबॉट हलवून शिकवायचा रिमोट) हातात घेऊन एकेक बिंदू दाखवतो, तो आयुष्यभर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत तिथेच जातो, आणि त्याला कंटाळा येत नाही म्हणूनच त्याला घेतलाय. कंटाळणारी माणसं आधीच होती की!

आता तुमच्या प्रयोगाबद्दल. शब्द मोठे आहेत, यंत्र छोटं आहे. तो कुत्रा जगाकडे बघत होता ते तीन हो-नाही प्रश्नांतून: समोर वस्तू दिसते का, तोंडात काही आहे का, समोर काही झुलतंय का. वस्तू ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावर खुणा चिकटवलेल्या. म्हणजे जगाचं ताट वाढून, घास करून समोर ठेवलं, आणि मग म्हणायचं बघा कसा स्वतःच्या हातानं जेवतो. तुमच्या भाचीला 'झाकण' आणि 'कप्पा' या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे कुणी चिकटवून दिलं नव्हतं. अवघड काम ते आहे, आणि ते प्रयोग करणाऱ्यांनी स्वतः केलं.

दुसरं म्हणजे 'कंटाळा' हा शब्द तुमचा. तिथे आहे एक आकडा. आकडा खाली गेला, दुसरीकडे वळला. माझ्या घरचा गीझरही पाणी तापलं की बंद होतो. त्याला काय समाधान झालं म्हणायचं?

कडीकोयंडा

चाकणवाले, तीन प्रश्नांचं अगदी मान्य. लिहिताना मी ते गाळलं, कारण त्यानं गोष्ट जरा फिकी होते. पकडलंत.

गीझर मात्र मान्य नाही. गीझरला पाण्याचं तापमान कळतं. आपण किती वेगानं शिकतोय हे त्याला कळत नाही, कारण तो शिकतच नाही. इथे यंत्र जगाचं माप घेत नाही, स्वतःच्या अडाणीपणाचं माप घेतं. हा फरक मला मोठा वाटतो.

खटपट्या

या विषयावर थोडं काम केलंय (गेममध्ये, खऱ्या रोबॉटवर नाही), म्हणून एक भर घालतो. 'चूक किती' आणि 'चूक किती वेगानं घटते' या फरकाला कडीकोयंडा यांनी एका वाक्यात उरकलं, पण सगळी मेख तिथेच आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात दीपक पाठक (आपल्या कानपूर आयआयटीचे) आणि सहकाऱ्यांनी मारिओ हा व्हिडिओ गेम खेळणारा प्रोग्राम केला. गुण नाहीत, फक्त कुतूहल: जिथे अंदाज चुकतो तिथे जा. तेवढ्यावर गडी पहिल्या पातळीचा ३० टक्क्यांहून जास्त भाग पार करून गेला. मेलं की पुन्हा तीच सुरुवात, आणि ती तर पाठ झालेली. त्यामुळे मरणंच कंटाळवाणं, म्हणून जगत राहायचं! मला हे वाचून दिवसभर हसू येत होतं.

पण पुढच्याच वर्षी त्या मंडळींनी आणि इतरांनी मिळून त्याची खोड दाखवली. भूलभुलैयात एका भिंतीवर टीव्ही लावला आणि चॅनेल बदलायचं बटण खेळाडूच्या हातात दिलं. पुढचं चित्र कधीच ओळखता येत नाही, म्हणजे चूक कायम मोठी, म्हणजे कुतूहल कायम जागं. गडी टीव्हीपाशीच रेंगाळायला लागला. भूलभुलैया राहिला बाजूला. रिमोट हातात आल्यावर आमचे तीर्थरूप हेच करतात.

चुकीचा आकार न बघता तिची घट बघायची, हा यावरचा एक उतारा. युर्गन श्मिडहुबर यांनी तो १९९१ मध्येच मांडला होता. टीव्हीवर शिकण्यासारखं काही नाही, म्हणून घट शून्य, म्हणून उठा. सांगायला सोपं, पण मोठ्या खोल जाळ्यांत (डीप न्यूरल नेटवर्कमध्ये) ही घट भरवशानं मोजणं भलतंच किचकट. म्हणून बरेच जण चुकीच्या आकारावरच भागवतात आणि टीव्ही लावायचं टाळतात.

बालवाडीताई

मला यंत्रातलं काही कळत नाही, पण मुलांमध्ये तीस वर्षं गेली. मूळ लेखातला कंटाळा मला पटला नाही.

मारिया माँटेसरींची रोममधली एक नोंद आम्हाला प्रशिक्षणात सांगायचे. साधारण तीन वर्षांची मुलगी भोकांच्या लाकडी ठोकळ्यात दट्टे बसवत होती. काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. आजूबाजूच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी ती आपली दट्ट्यांत. चाळीसहून जास्त वेळा केलं, मग आपणहून थांबली, झोपेतून उठल्यासारखी प्रसन्न. दट्टे तर तिला केव्हाच जमले होते! मग तुमच्या हिशेबानं ती पाचव्या वेळेलाच उठायला हवी होती ना?

आमच्या वर्गात हे रोज दिसतं. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला शंखशिंपले, बिया, दगड असं आजूबाजूला सापडेल ते मुलांपुढे ठेवलं, ते नुसतं पैसे नव्हते म्हणून नाही. चिंचोक्यांचा ढीग मूल तासभर या डब्यातून त्या डब्यात ओततं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय शिकतंय हे? ते मूल कंटाळत नाही. कंटाळतो तो बघणारा.

नीरक्षीर

बालवाडीताईंचा आक्षेप सगळ्यात भारी आहे, म्हणून आधी तोच. (मी बाळांच्या आकलनावर काम करते, सध्या जर्मनीत. एरवी नुसती वाचत असते.)

'जमले' हे आपण बाहेरून ठरवतो. दट्टा भोकात गेला की आपल्या लेखी काम संपलं. मुलीच्या लेखी तिथे मनगट किती वळवायचं, न बघता बोटाला जाडी कळते का, किती जोर लावला की आवाज न होता बसतो अशा दहा गोष्टी चालू असतील. त्यांतली एखादी चाळिसाव्या वेळेलाही सुधारत असेल. तेव्हा हिशेब चुकलेला नाही, आपल्याला मोजता येत नाही इतकंच. पण हेही कबूल करते की असं म्हणत गेलं तर ही कल्पना कधीच खोटी ठरवता येणार नाही, आणि ते शास्त्राला बरं नाही.

आता बाळांबद्दल दोन-तीन गोष्टी, रोबॉटवाल्यांनी पाहाव्यात अशा.

न्यूयॉर्कमध्ये कॅरन अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची पावलं मोजली, १२ ते १९ महिन्यांची. खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! कुठल्या रोबॉटला आपण तासाला सतरा वेळा पडू देऊ? चाकणवाले सांगतील.

दुसरा प्रयोग जॉन्स हॉपकिन्समधला, एमी स्टाल आणि लिसा फायगन्सन यांचा, २०१५. अकरा महिन्यांच्या बाळांना युक्तीनं दाखवलं की चेंडू भिंतीतून आरपार गेला. काहींना दाखवलं की गाडी टेबलाची कड ओलांडून अधांतरी राहिली. मग ती वस्तू हातात दिली. चेंडूवाल्यांनी चेंडू आपटून पाहिला, गाडीवाल्यांनी गाडी खाली टाकून पाहिली. आपल्याला ज्याचा धक्का बसलाय नेमकी तीच गोष्ट तपासायची, हे त्या वयात! नुसत्या 'अंदाज चुकला'वर हे भागत नाही. *कुठला* अंदाज चुकला तेही कळावं लागतं. आणि त्यासाठी घन वस्तू आरपार जात नाही, आधार नसला की पडते, ही पुंजी बाळाकडे आधी हवी. यातलं बरंच काही चार-पाच महिन्यांच्या बाळांतही दिसतं, हे एलिझाबेथ स्पेल्की यांच्या कामातून पुढे आलं. ट्युरिंगनं मुलाच्या मेंदूला दुकानातून आणलेल्या कोऱ्या वहीची उपमा दिली होती. वही कोरी नाही. निदान समास आखलेले आहेत.

तिसरा प्रयोग जुना आणि जरा क्रूर. १९६३, हेल्ड आणि हाइन. मांजराच्या पिल्लांच्या जोड्या. एक पिल्लू पायांनी चालत गोल फिरतं, दुसरं त्याच चक्राला टांगलेल्या पाळण्यात बसून फिरतं. डोळ्यांना दोघांनाही सारखंच दिसतं, बाकी वेळ अंधार. चालणारं पिल्लू नीट बघायला शिकलं. पाळण्यातल्याला काय किती खोल, किती लांब ते कळेना, पृष्ठभाग जवळ आला तरी पंजे पुढे येईनात. आपण हललो की जग कसं हलतं हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

म्हणून एक पूरक माहिती. २०२४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटानं एका बाळाच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातलं ६ ते २५ महिन्यांच्या काळातलं ६१ तासांचं चित्रण आणि त्यातलं बोलणं यंत्राला दाखवलं. 'चेंडू', 'गाडी' असे बरेच शब्द यंत्र चित्रांशी जोडायला शिकलं, जन्मजात पुंजी काहीही न देता. म्हणजे मी वर म्हटलं त्याच्या थोडं विरुद्धच. पण लक्षात घ्या, कॅमेरा कुठे वळला ते बाळानं ठरवलं होतं. चालणारं पिल्लू बाळ, पाळण्यातलं पिल्लू यंत्र.

शून्यवादी

सगळं ठीक आहे हो. पण ज्याला कंटाळा येतो तो कोण? कंटाळा दृश्य आहे, त्याला जाणणारा वेगळा. तो आकड्यात कसा सापडणार? आपल्याकडे साक्षी म्हणतात तो हाच.

खटपट्या

शून्यवादी, आयडी बदला आधी. साक्षी मानता आणि नाव शून्यवादी!

आपल्या डोक्यातही आकडाच आहे म्हणा ना. माकडाला फळांचा रस अपेक्षेबाहेर मिळाला की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी जोरात चालतात, अपेक्षेप्रमाणे मिळाला की ढिम्म, चुकला की मंदावतात. वुल्फराम शुल्ट्झ यांचं हे काम १९९७ सालापासून गाजतंय. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांची वजाबाकी. तुमचा साक्षी त्या वजाबाकीच्या पलीकडे बसला असेल तर असो, पण उठवतं-बसवतं कोण ते उघड आहे.

शून्यवादी

वजाबाकी होते हे मान्य. ती *वाटते* का, हा प्रश्न होता. असो. आयडी दहा वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा तसा होतो.

चाकणवाला

नीरक्षीरताईंनी नाव घेऊन विचारलंय म्हणून.

तासाला सतरा वेळा पडणारा रोबॉट कुणी ठेवणार नाही. पहिल्या तासाला गिअरबॉक्स जाईल. मूल हलकं, बुटकं, मऊ असतं आणि मोडलं तर बहुतेक आपलं आपण सांधतं. आमचा माल जड, ताठ आणि महाग. गूगलनं २०१६ मध्ये वस्तू उचलायला शिकवण्यासाठी १४ यांत्रिक हात लावले होते. दोन महिन्यांत ८ लाखांहून जास्त प्रयत्न. इतके हात आणि इतका वेळ कुणाकडे असतो? म्हणून बाकीचे संगणकातल्या खोट्या जगात शिकवतात. रूबिकचा ठोकळा फिरवणारा हात २०१९ मध्ये आला, त्याला तसा सराव मिळाला सुमारे १३ हजार वर्षांचा. एवढं करून तो एकच ठोकळा फिरवतो. तुमच्या भाचीच्या नावावर सव्वा वर्ष आहे.

इटलीत जेनोव्हाला आयकब नावाचा रोबॉट बनवलाय, तो बघण्यासारखा आहे: उंची १०४ सेंटिमीटर, मुलाएवढा. ५३ ठिकाणी हलतो, त्यातल्या १८ जागा नुसत्या दोन पंजांत. बनवणाऱ्यांनी एक तृतीयांश हालचाल पंजांत घातली यातच त्यांना बाळ कळलंय हे दिसतं. आराखडे सगळ्यांना खुले आहेत.

आता माझी बाजू थोडी बदलतोय, लक्षात ठेवा, रोज होत नाही. मला पटलेला प्रयोग तुम्ही कुणी सांगितलाच नाही. अमेरिकेत कॉर्नेलमध्ये बोंगार्ड, झायकॉव्ह आणि लिप्सन यांनी २००६ मध्ये चार पायांचं एक यंत्र केलं होतं. आपलं अंग कसं आहे हे त्याला सांगितलेलं नव्हतं. थोडं हलायचं, काय झालं ते बघायचं, 'मी असा असेन किंवा तसा असेन' असे अंदाज मनात धरायचे, आणि पुढची हालचाल अशी निवडायची की त्या अंदाजांमधलं भांडण मिटेल. मग त्याचा एक पाय आखूड केला. त्यानं ते ओळखलं आणि लंगडत चालायची वेगळी रीत काढली. आमच्या लाईनवर एक बेअरिंग झिजलं तर रोबॉट तसाच चुकीच्या जागी वेल्ड मारत राहतो, कळतं ते मला, वासावरून. त्याला स्वतःला कळलं असतं तर मी त्याला बुद्धिमान म्हटलं असतं. कंटाळ्याचं तुमचं तुम्ही बघा.

आणि पाळण्यातल्या पिल्लाचं पुढचं सांगायचं राहिलं. त्याला उजेडात मोकळं सोडल्यावर दोनेक दिवसांत ते ठीक झालं. तेव्हा सगळंच काही कायमचं हुकत नाही.

नीरक्षीर

बरोबर, तो भाग मी सोडला. कडीकोयंडांसारखंच झालं माझं.

बालवाडीताई

कडीकोयंडा, एक विचारू? भाचीनं कडी सोडली ती का? उघडायला जमली म्हणून, की जमेना म्हणून? तुम्ही दोन्हीला कंटाळाच म्हणालात. आमच्याकडे यात फार फरक करतात. जमलं म्हणून सोडणारं मूल हसून उठतं. जमेना म्हणून सोडणारं पुन्हा पुन्हा वळून बघतं.

कडीकोयंडा

ताई, तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं की मी हे बघितलंच नव्हतं. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, कडी वर जायची, पण आडवी सरकायची नाही, आमच्याकडची कडी जरा घट्टच आहे. म्हणजे जमेना म्हणून सोडली. आणि हो, जाता-येता बघायची म्हणे.

धाग्याला आता तीन आठवडे झाले. तीन दिवसांपूर्वी ती पुन्हा आली. चप्पल काढायच्या आधी सरळ त्या दारापाशी. झाकणांकडे नाही, गाडीकडे नाही. मधल्या काळात तिची बोटं जरा बळकट झाली असतील, पण आता जमेल हे तिला कुणी सांगितलं? त्या आयबोमध्ये यासाठी एक पळवाट होती: बहुतेक वेळा जिथे प्रगती जास्त तिथे जायचं, आणि अधूनमधून कुठेही, उगाचच. सोडून दिलेल्या गोष्टीकडे तो परत जायचा तो असा, योगायोगानं. ही योगायोगानं गेलेली नाही. तीन आठवडे काहीतरी उघडं ठेवून होती ती. माझ्या मूळ लेखातल्या कंटाळ्यात याला जागा नाही, आणि ती कशी करायची ते मला सुचत नाहीये.

कडी अजून सरकलेली नाही. आज चौथा दिवस.

चाकणवाला

कडीला तेल घाला.

बालवाडीताई

मुळीच घालू नका!